इस्तंबूलचं स्वस्त केशर

इस्तंबूलच्या मसाला बाजारात केशर आपल्यापेक्षा निम्म्या भावात मिळतं, असं काही जण सांगतात. भाव खरा असेल, पण माल बघून घ्या. तिथे उघड्या ढिगात 'तुर्की केशर' म्हणून जे दिसतं ती बहुतेक वेळा करडईची फुलं असतात. हो, आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडची तीच काटेरी करडई! आणि 'इंडियन सॅफ्रन' अशी पाटी दिसली तर ती चक्क हळद. (सांगलीकरांनी विशेष जपून राहावं.) केशराच्या एका फुलातून तीनच काड्या निघतात, किलोभर केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात, अशी वस्तू कोणी फावड्याने भरून देत नसतो. खरी काडी गडद लाल आणि एका टोकाला कर्ण्यासारखी रुंदावलेली असते. कोमट पाण्यात टाकली की पिवळा रंग सावकाश सुटतो, काडी मात्र लालच राहते.

घ्यायचंच तर सुमाक (एका झुडपाच्या फळांची आंबट, लालसर भुकटी) घ्या, आणि आग्नेय तुर्कस्तानातल्या उर्फा शहराकडची मिरची. ही मिरची दिवसा उन्हात वाळवतात नि रात्री गुंडाळून ठेवतात, त्यामुळे आतला ओलावा आतच मुरतो आणि ती काळपट, किंचित तेलकट, धुरकट चवीची होते. तिखटपणा बेताचा. दह्यावर भुरभुरून बघा. फक्त मसाला बाजाराच्या १६६०च्या दशकातल्या त्या देखण्या कमानींखाली खरेदी नको. तिथे फोटो काढा आणि बाहेर, शेजारच्या तहताकाले भागातल्या गल्ल्यांत शिरा. स्थानिक लोक तिथेच घेतात.