नाताळच्या रात्री गोठ्यावर कोण थांबणार? आमच्याकडे दरवर्षी आईच थांबते

राहुरीकर_गोठा

नमस्कार मंडळी. आमचं गाव राहुरी तालुक्यात, घरचा गोठा आहे, लहानमोठी धरून १४ जनावरं, सगळी एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित), त्यातल्या ९ दुधात. सकाळ संध्याकाळ मिळून १२०-१२५ लिटर जातं. आम्ही कॅथलिक आहोत, त्यामुळे डिसेंबर लागला की घरात दोन कामं एकदम सुरू होतात, गोठ्याचं तर रोजचंच आणि वर नाताळचं.

सध्याचा दिवस सांगतो म्हणजे अंदाज येईल. पहाटे साडेचारला आई उठते, थंडी तर विचारू नका, आधी शेण लोटणं, मग पेंड भिजवलेली असते ती टाकायची, पाचला धारेचं मशीन लावतो, साडेसातच्या आत कॅन दूध संकलन केंद्रावर पोचला पाहिजे. दिवसा मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा), घास कापणं, कुट्टी. परत पाचला धार. आणि रात्री जेवणं झाल्यावर आई, बायको आणि चुलती पोळपाट घेऊन बसतात, करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या. करंज्यांचा खवा घरच्याच दुधाचा, आई दोन लिटर बाजूला काढते आणि चुलीवर आटवत बसते, तिथं मात्र गॅस चालत नाही तिला. नानकटाईचं सामान बेकरीत देऊन भाजून आणायचं. पोरांचे कपडे ११ ते २० तारखेच्या दुधाच्या पगारावर, तो पगार २३-२४ ला हातात येतो म्हणून आमची खरेदी कायम शेवटच्या दिवशी. त्यात १५ तारखेपासून कॅरलवाली (नाताळची गाणी म्हणणारी) पोरं ढोलकी-टाळ घेऊन घरोघर फिरतात, आमच्या वस्तीवर यायला त्यांना रात्रीचे अकरा वाजतात, आई तेव्हाही जागी असते, सगळ्यांना चहा करते.

आता मुद्दा. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे दोन गावरान गाया होत्या तेव्हा सगळे मध्यरात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जायचो. गोठा वाढवला तेव्हापासून २४ च्या रात्री कोणीतरी घरी लागतं आणि दरवर्षी आईच म्हणते, तुम्ही जा, मी थांबते. वडिलांचा गुडघा गेलाय त्यामुळे त्यांच्यावर टाकता येत नाही. चर्चमधल्या गव्हाणीसाठी (येशूजन्माच्या देखाव्यासाठी) गव्हाचं काड दरवर्षी आमच्या घरून जातं, आई स्वतः निवडून, झाडून, पेंढी बांधून देते. पण त्या काडावर बाळ येशू ठेवतात तो क्षण तिने सहा वर्षात एकदाही पाहिलेला नाही. हे मला मागच्या वर्षी मिस्सात बसल्यावर एकदम लक्षात आलं आणि माझं तिथं लक्षच लागेना.

यंदा भाऊ चाकणहून २३ ला येतोय, पण त्याला मशीनची सवय राहिली नाही. आणि नेमकी आमची सोनी (तिसरं वेत) २० मार्चला भरलेली (गाभण राहिलेली) आहे म्हणजे तीही त्याच आठवड्यात व्यायची. आईला चर्चला न्यायचंय, हे नक्की. कसं बसवायचं हे सगळं? ज्यांच्याकडे गोठा आहे त्यांनी सांगा, तुम्ही सणाच्या दिवशी काय करता?

संगमनेरी_दूधवाला

भाऊ तुमचं वाचून आमची दिवाळी आठवली, गोठेवाल्याचा सण सगळीकडे असाच. आमच्याकडे मी एक केलंय ते सांगतो. शेजारी एक ख्रिश्चन कुटुंब आहे, त्यांच्या सहा गाया. आमची सावड आहे. पूर्वी पेरणीला, खुरपणीला सावड असायची ना, आज तुझ्या रानात उद्या माझ्या, तशीच आम्ही धारेची लावली. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या संध्याकाळची धार तो काढतो, २४ ची रात्र आणि २५ ची सकाळ मी. पैशाचा विषय नाही. चार वर्षं चाललंय.

पण एक गोष्ट नीट ऐका, नवीन माणूस एकदम २४ लाच आणून उभा करू नका. गाय परक्या हाताला पान्हा सोडत नाही, दूध चोरते, आणि सडात दूध राहिलं की दगडी (कासेची सूज) झालीच म्हणून समजा. त्या माणसाला आत्तापासून आठवड्यातून दोन तीन धारांना बोलवा. तुमच्यासोबत नुसता उभा राहू दे, पेंड त्याच्या हातून टाकू द्या, कास त्याला धुऊ द्या. मग गाया ओळखतात. कोणती लाथ मारते, कोणतीचं एक सड जड आहे, कोणतीला मशीन आधी लावायचं हे सगळं भिंतीवर खडूने लिहून ठेवा, मी तसंच केलंय.

आणि लाईट! रात्री लाईट गेली तर मशीन बंद, म्हणून हाताने धार काढता येणाराच माणूस बघा. भाऊ येतोय तर त्याला आल्या आल्या २३ च्या संध्याकाळी बसवा धारेला, लहानपणी शिकलेला हात विसरत नाही.

पशुवैद्य_नगर

सोनीबद्दल लिहितो. २० मार्चला भरली असेल तर २८० दिवस धरून २५ डिसेंबरच येतो, पण आठवडाभर मागेपुढे होऊ शकतं, त्यामुळे तारखेवर बसू नका, गायीकडे बघा. कास तटतटून भरली, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूला खड्डे पडले, चिकट तार लोंबायला लागली, ऊठबस वाढली की एक-दोन दिवसाचा प्रश्न असतो. २४ ला दुपारी यातलं काहीच नसेल तर रात्री तीन तास बाहेर जायला बऱ्यापैकी मोकळे आहात. खुणा दिसत असतील तर जाणकार माणूस गोठ्यात असलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

एक साधा उपाय आहे, आत्तापासून तिची मुख्य वैरण संध्याकाळी उशिरा टाका, सकाळी कमी. अशा गायी दिवसा व्यायचं प्रमाण वाढतं असा अनुभव आहे आणि त्यावर अभ्यासही झालेले आहेत. हमी नाही, पण खर्चही नाही.

थांबणाऱ्या माणसाला हे सांगून ठेवा. पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसल्यापासून तास-दीड तासात वासराचे पाय आणि नाक दिसलं नाही तर ओढाताण न करता डॉक्टरला फोन. वासरू झालं की नाक-तोंड पुसायचं, नाळेला आयोडीन लावायचं आणि पहिल्या तासा-दोन तासात चीक (व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध) पाजायचा, वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे ३५ किलोच्या वासराला साडेतीन लिटर, एकदम नाही गेला तर दोन वेळा करून. वार (वासरामागून पडणारी झिल्ली) पडायची वाट बघत चीक थांबवतात काही लोक, तसं अजिबात करू नका. वार साधारण १२ तासात पडते, न पडल्यास ओढू नका, कळवा.

तिसरं वेत आणि दुधाची गाय आहे म्हणून दुधाच्या तापाकडे (व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटतं त्याकडे) लक्ष द्या. व्यायल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसात कान गार पडले, चालताना झोकांड्या, मान पोटाकडे वळवून बसली, तर तोंडातून काहीही पाजू नका, ठसका लागून औषध फुफ्फुसात जातं. कॅल्शियम शिरेतून डॉक्टरनेच द्यायचं. २५ तारीख असली तरी फोन करा, आम्हीही सणाच्या दिवशी फिरतच असतो.

अजून एक, दरवर्षी मला याच आठवड्यात दोन-तीन कॉल येतात ते करंज्यांच्या मैद्याचे. उरलेली कणीक, मैदा, भात, गोड पदार्थ प्रेमाने गायीपुढे ओततात, रवंथ बंद पडतो, पोट आंबतं, गाय दगावतेसुद्धा. एखादी करंजी द्या, पातेलं देऊ नका.

वसईची_लेक

मी वसईची, आता गोठा नाही आमच्याकडे पण माझ्या आजीच्या तीन म्हशी होत्या. आमच्याकडे नाताळ गोठे (येशूजन्माचे देखावे) बनवतात ना, गल्लीगल्लीत मुलं महिनाभर राबतात, गवत, माती, दिवे, ओढा काय न् डोंगर काय, लोक फिरून फिरून बघायला येतात. आजीच्या घरासमोरच एक गोठा व्हायचा आणि आजी मात्र मागच्या अंगणात खऱ्या गोठ्यात. तिला आम्ही कधी विचारलंच नाही की तुला यायचंय का. ती गेल्यावर मामी म्हणाली की तिला मिस्साचं गाणं फार आवडायचं, ती मागच्या दारात उभी राहून लाऊडस्पीकरवरचं ऐकायची. हे मला अजून लागतं. म्हणून तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले.

दादा, व्यवस्था तुम्ही कराल, पण आधी आईशी बसून बोला. "आई तू जा आम्ही बघतो" असं घाईत दारात उभं राहून म्हणाल तर ती नाहीच म्हणणार, आयांना सवय झालेली असते. तिच्या मनात नक्की काय आहे ते विचारा. कदाचित तिला २५ च्या सकाळची उपासना जास्त आवडत असेल, कदाचित सोनीला सोडून जाणं तिच्या जिवावर येत असेल. दोन्ही शक्य आहे.

आणि गव्हाणीचं म्हणाल तर, असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावात पहिल्यांदा जिवंत गव्हाणी मांडली, तेव्हा खरं गवत, खरा बैल आणि गाढव आणलं होतं. म्हणजे कुठल्यातरी शेतकऱ्याच्या घरून आलं असणार ना ते गवत! तुमच्या आईचं काड म्हणजे तेच काम झालं. लूकच्या शुभवर्तमानात "गव्हाणीत ठेवले" असं येतं तेव्हा आम्हा शहरातल्या लोकांना तो नुसता शब्द वाटतो. तुमच्या आईला त्या गव्हाणीचा वास माहीत आहे. तिने तिथं पुढच्या बाकावर बसायला पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं.

वाइकाटोतून_मराठी

मी न्यूझीलंडला डेअरी फार्मवर कामाला आहे, मूळचा सांगोल्याचा. इथं नाताळ भर उन्हाळ्यात, पोहुतुकावाची झाडं लालभडक फुललेली असतात. इथल्या बहुतेक गायी जुलै-ऑगस्टला एकदमच वितात त्यामुळे डिसेंबरमध्ये दुधाचा जोर ओसरायला लागलेला असतो, तेव्हा बरेच फार्मर दिवसातून एकदाच धार किंवा दोन दिवसात तीन धारा असं वेळापत्रक करतात, म्हणजे माणसांना घरच्यांसोबत बसता येतं. पण टँकर मात्र नाताळलाही येतो.

हे जसंच्या तसं तुमच्याकडे चालणार नाही, तुमच्या गायी वेगवेगळ्या महिन्यात वितात आणि कायमची एक धार केली तर दूध कमी होऊन पगारालाच मार बसेल. पण एका रात्रीपुरतं अंतर लांबवायला हरकत नाही. २४ ला पाचऐवजी चारला धार काढा आणि २५ ला सकाळी पाचऐवजी सहाला. १४ तास होतात. एका दिवसाने निरोगी गायीचं काही बिघडत नाही, फक्त जास्त दुधाची जी असेल तिला संध्याकाळी शेवटी आणि सकाळी सगळ्यात आधी घ्या. वेळ एकदम न बदलता १८ तारखेपासून रोज दहा मिनिटं अलीकडे सरकवत आणा. धारेनंतर लगेच वैरण टाका म्हणजे अर्धा तास उभ्या राहतील, सडाची तोंडं बंद व्हायला वेळ मिळतो. चारला काढलेलं दूध केंद्र उघडेपर्यंत कॅनसकट हौदात ठेवा, डिसेंबरचं पाणी गारच असतं.

मी दरवर्षी २४ ला आईला फोन करतो तेव्हा ती सांगोल्यात गायीची धार काढत असते आणि मी इथं पहाटेची आवरून आलेलो असतो. आम्ही ख्रिश्चन नाही, पण इथं सगळ्यांची आई घरी आलेली बघितली की घर आठवतं. तुम्ही आईला न्याच.

राहुरीकर_गोठा

सगळ्यांचे मनापासून आभार. वसईच्या ताई, तुमचं ऐकून काल रात्री करंज्या लाटायला मीपण बसलो (माझ्या करंज्या तळताना फुटल्या, आई काही बोलली नाही, वेगळ्या काढून ठेवल्या) आणि विचारलं. आधी म्हणाली मला काय, मी घरीच प्रार्थना करते. मग बराच वेळ गप्प, आणि मग म्हणाली, "ते काड यंदा फार मऊ आलंय, ते अंथरल्यावर कसं दिसतं बघायला आवडेल." एवढंच. मला पुढं बोलताच येईना.

तर असं ठरवलंय. शेजारचे काका आमच्याकडे पूर्वीपासून पाण्याच्या पाळीला मदतीला असतात, त्यांच्याशी सावड पक्की केली. वसुबारस आणि पाडव्याला त्यांच्या चार गायांची जबाबदारी आमची. ते आज संध्याकाळी पहिल्यांदा धारेला आले होते, दोन गायांनी पान्हा सोडला, एकीने चोरला, बघू आठवड्यात. भावाला फोन करून २२ लाच बोलावलंय. चारची धार, सहाची धार, हौद, सगळं वहीत लिहिलं. सोनीची वैरण कालपासून रात्री नऊला टाकतोय. कॅरलच्या पोरांना सांगितलं की वस्तीवर फटाके उडवू नका, ढोलकी चालेल, गायांना ढोलकीची सवय आहे.

आणि डॉक्टर साहेब, २४ ला दुपारी सोनीला खुणा दिसल्या तर मी थांबणार, काका आणि मी दोघं. आईला वडिलांबरोबर भाऊ गाडीवरून नेईल. हे आईला अजून सांगितलेलं नाही, सांगितलं तर ती परत बेत मोडेल.

तिने मात्र आज शेजारच्या काकूंना बोलावून चिकाचं पातेलं कुठं, आयोडीनची बाटली कुठं, गोणपाट कुठल्या खुंटीला ते सगळं दाखवून ठेवलंय. आणि पेटीतून हिरवी साडी काढून उन्हात टाकली होती.