मदत हवी आहे : कानेशच्या कर्जखताचे न फुटलेले पाकीट म्हणजे न फिटलेले कर्ज, असे म्हणता येईल का?

नमस्कार. तुर्कस्तानात कायसेरीजवळच्या क्युलतेपे येथे, म्हणजे प्राचीन कानेशमध्ये, अश्शूरहून (आजच्या इराकमधील प्राचीन शहर) गाढवांवर कथील आणि कापड लादून आणणाऱ्या व्यापाऱ्यांच्या घरांतून वीस हजारांहून अधिक कीलाक्षरी (खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीतले) मृत्तिकापट, म्हणजे मातीच्या पाट्या, मिळाले आहेत. त्यांपैकी बहुतेक इ. स. पू. १९ व्या शतकातले आहेत. त्यांतील कर्जखते वाचताना एका मुद्द्यावर मी अडलो आहे, तरी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खताचा साचा ठरलेला दिसतो. किती चांदी, कोणाची, कोणाकडे येणे, कोणत्या आठवड्यापासून मुदत मोजायची, महिना कोणता, वर्ष कोणत्या अधिकाऱ्याच्या नावाचे आणि शेवटी साक्षीदार. मुदत टळल्यास दर मिनामागे दरमहा दीड शेकेल व्याज लागे, मिना व शेकेल ही चांदी तोलण्याची वजने, ६० शेकेलांचा एक मिना, म्हणजे हा दर वर्षाला ३० टक्के पडतो (आपले सावकार उगाच बदनाम!). मग त्या पटावर मातीचा पातळ थर चढवून त्याचे पाकीट करीत, त्यावर मजकूर पुन्हा लिहीत आणि साक्षीदारांच्या व ऋणकोच्या दंडगोल मुद्रा ओल्या मातीवर फिरवीत. हे पाकीटबंद खत धनकोच्या ताब्यात राही आणि कर्ज फिटले की ऋणकोला परत मिळे, म्हणजे तो ते मोडून टाकू शके.

यावरून धनकोच्या घरात सापडलेले अखंड पाकीट थकलेल्या कर्जाचे, असा निष्कर्ष सहज निघतो. पण मला तो पुरता पटत नाही. परतफेडीच्या वेळी खत हाताशी नसेल तर वेगळी पावती करून, पुढेमागे जुने खत सापडल्यास ते रद्द समजावे, असे तीत लिहून देत. अशा प्रसंगी फिटलेल्या कर्जाचे खतही धनकोकडे न फुटता पडून राहिले असणारच. शिवाय ऋणकोनेच परत मिळालेले खत न मोडता पुरावा म्हणून जपले असेल, तर ते त्याच्या घरात तसेच मिळेल.

तेव्हा माझा प्रश्न असा, की एखादे घर धनकोचे की ऋणकोचे हे संशोधक केवळ तेथील पत्रव्यवहारावरून ठरवतात, की पाकिटावरील मुद्रांचाही त्यासाठी उपयोग होतो? आणि मूळ खत व त्याची पावती अशी जोडी एकाच घरातून मिळाल्याचे उदाहरण प्रसिद्ध झाले आहे का? मला तुर्की येत नाही, त्यामुळे इंग्रजी किंवा जर्मन लेख सुचवल्यास उपकार होतील.