टायगरच्या टरेटवर झिमेरिट टिकत नाहीये, मदत हवी आहे

१:३५ चं प्लास्टिक मॉडेल करतोय, टायगर १ (दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा), १९४४ च्या सुरुवातीचा, स्टीलची चाकं असलेला, त्यामुळे झिमेरिट हवंच (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावायचे तो खरबरीत लेप). हलच्या (रणगाड्याच्या खालच्या धडाच्या) सपाट बाजू मस्त जमल्या, अडलंय ते टरेटवर (तोफ असलेल्या वरच्या फिरत्या बुरुजावर).

दोन भाग मळून लावायची एपॉक्सी पुट्टी वापरतोय. ओल्या बोटाने पातळ पसरवतो आणि करवतीच्या पात्याच्या तुकड्याने आडव्या रेघा ओढतो, पण गोलाईवर पातं एका कडेनेच टेकतं, रेघा तिरक्या जातात आणि मागच्या पेटीजवळ तर सुकल्यावर थर पापुद्र्यासारखा उचलून आला, खाली प्लास्टिक अगदी गुळगुळीत. दुसऱ्यांदा ४०० च्या पॉलिश पेपरने घासून लावलं, चिकटलं बरं, पण थर जाड झाला. खऱ्या गाडीवर ५ मिमी धरला तरी आपल्याला जेमतेम ०.१४ मिमी पाहिजे, माझा अर्धा मिमी तरी आहे, बिस्किटावरच्या आयसिंगसारखा दिसतो. ट्यूबमधली सॉल्व्हंटवाली पुट्टी टाकाऊ तुकड्यावर लावून बघितली, प्लास्टिकच मऊ पडलं.

टरेट आधीच चिकटवलाय, सुटा होणार नाही. रंग अजून दिलेला नाही. तयार रेझिनचे शीट नकोत, हातानेच करायचंय.

तर गोलाईवर रेघा ओढायला हत्यार कसलं वापरता, आणि पुट्टी मळल्यावर किती वेळाने ओढायला घेता?