नाईस म्हणजे येडा? मग नाद खुळा म्हणजे काय?

रंकाळाकर: सकाळपासून तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड आला, 'नाईस म्हणजे मूळ लॅटिनमध्ये अडाणी, तेव्हा कुणाला नाईस म्हणू नका, अपमान होतो.' मूळ खरं आहे हो. नेस्कियस म्हणजे न जाणणारा, आपल्या 'अज्ञ'सारखाच जोडलेला. फ्रेंचातनं 1300 च्या आसपास इंग्रजीत आला तेव्हा अर्थ मूर्ख असाच होता, पुढं नखरेल, मग चोखंदळ, बारकाईचा, असं करत अठराव्या शतकात 'छान'वर येऊन टेकला. पण म्हणून आज अपमान? आपण नाद खुळा म्हणतो तवा समोरचा खुळा असतो काय? कोल्हापुरात ह्याहून मोठी शाबासकी नाही.

मास्तरीणबाई: फॉरवर्ड मीच टाकलेला. 28 वर्षं इंग्रजी शिकवलंय. नाईस डे, नाईस फूड, एका निबंधात अकरा नाईस लाल पेनानं गोल केलेत मी. शेवटचं वाक्य, 'माय आजोबा वॉज व्हेरी नाईस, ही डाइड.' विचार न करता वापरतात म्हणून मूळ सांगायचं.

तालमीतला: म्याडम, त्या पोराला मार्क किती दिलासा?

रंकाळाकर: मूळच धरायचं तर सिली म्हणून कौतुक करा की. जुन्या इंग्रजीत तो सुखी, धन्य होता, जर्मनमध्ये झेलिग अजून धन्यच आहे. एक वर चढला, दुसरा घसरला. आजचा अर्थ आजची माणसं ठरवतात.

तालमीतला: विशेषणाचंच बोलायचं तर 'कोल्हापुरी'ची वाट कुणी लावली ते बोला. पुण्यात व्हेज कोल्हापुरी मागवली, लाल रंग आणि नुसता जाळ, वर काजू. आमच्या आज्जीनं जन्मात ह्या नावाची भाजी केली नाही. कोल्हापुरी म्हणजे फक्त तिखट व्हय? मग पांढरा रस्सा काय सोलापूरचा?

बावडेकर: मिरवणारे आपणच की. पाहुणा आला की 'झेपंल का तुम्हाला' हे आधी कोण विचारतं? आता मेनूकार्डावर रडायचं.

तालमीतला: तुम्ही पुण्यात फ्लॅट घेतलाय वाटतं.

बावडेकर: घेतलाय. कर्ज तू फेडतोस का? रंकाळाकरांचाच नियम लाव, सगळा देश कोल्हापुरी म्हणजे तिखट म्हणतोय तर अर्थ तोच झाला.

रंकाळाकर: हे मात्र… नाही, इथं वेगळं आहे. नाव आपलं आहे. चपलेला 2019 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते काय उगीच?

मास्तरीणबाई: वा! नाईसला एक न्याय आणि कोल्हापुरीला दुसरा. आणि त्या चपलेच्या जीआयमध्ये कर्नाटकचेही चार जिल्हे आहेत बरं का.

रंकाळाकर: बरं, अडकलो. विषय हार्ड केलासा बाई.

मास्तरीणबाई: मार्क विचारलेत ना? दहापैकी चार. आजोबांच्या वाक्याला एक वाढवायला पाहिजे होता, हे आता वाटतंय. बाकी माझं मत तेच आहे.

बावडेकर: आणि पांढऱ्या रस्स्यात काजू आमच्या घरात पण घालतात, लग्नात.

तालमीतला: मग तुम्ही बोलूच नका. खोबरं, तीळ, खसखस. संपलं.