टी-स्कोअर उणे १.९, तरीही मनगट मोडले: हाडाचा दर्जा कसा तपासावा?

प्रश्न

माझे वय ५८ असून पाळी बंद होऊन नऊ वर्षे झाली आहेत. सात महिन्यांपूर्वी सपाट जमिनीवर चालताना तोल जाऊन मी पडले आणि मनगटाचे हाड मोडले. त्यानंतर केलेल्या डेक्सा तपासणीत (हाडांची घनता क्ष-किरणांनी मोजणारी तपासणी) कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुण प्रौढांच्या सरासरी घनतेशी तुलना करणारा आकडा; तो जितका उणे, तितकी घनता कमी) उणे १.९, तर खुब्याजवळील मांडीच्या हाडाच्या मानेचा उणे १.४ आला. अहवालात ‘ऑस्टिओपेनिया’, म्हणजे हाडांची घनता थोडी कमी, असे लिहिले आहे आणि काळजीचे कारण नाही, असे मला सांगण्यात आले. एवढ्याशा पडण्याने मोडणारे हाड केवळ ‘थोडे विरळ’ कसे, हे मला पटत नाही. घनतेखेरीज हाडाचा दर्जा तपासता येतो का?

प्रतिसाद १

ताई, तुमची शंका रास्त आहे. मी हाडांच्या विकारांवरच काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

उणे २.५ ही सीमारेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ऑस्टिओपोरोसिसच्या, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या विकाराच्या, निदानासाठी आखली. तिच्या अलीकडे हाड मोडत नाही, असा तिचा अर्थ कधीच नव्हता. किंबहुना रजोनिवृत्तीनंतर फ्रॅक्चर होणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींचा टी-स्कोअर उणे २.५ पेक्षा चांगलाच असतो. डेक्सा हाडातील खनिज मोजते. परंतु हाडाची ताकद आतील जाळीची रचना, कोलॅजनच्या धाग्यांची बांधणी, साचत गेलेल्या सूक्ष्म भेगा आणि झिजेचा वेग यांवरही अवलंबून असते. इस्ट्रोजेन घटल्यावर हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर राहत नाही, मणक्यांतील जाळीचे बारीक दुवे तुटतात, आणि एकदा तुटलेला दुवा सहसा पुन्हा जोडला जात नाही.

या जाळीचा अप्रत्यक्ष अंदाज ‘ट्रॅबेक्युलर बोन स्कोअर’ देतो. तो कमरेच्या डेक्साच्या प्रतिमेवरूनच संगणकाने काढला जातो, त्यामुळे निराळे क्ष-किरण घ्यावे लागत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात घनता चांगली दिसूनही हाडे मोडतात. तेथे हा आकडा विशेष उपयोगी पडतो.

मात्र तुमच्या बाबतीत सर्वांत मोठा पुरावा कोणत्याही यंत्राचा नसून त्या फ्रॅक्चरचा आहे. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून हाड मोडणे हेच हाड कमकुवत असल्याचे लक्षण मानले जाते, आणि पुढील फ्रॅक्चरचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो. पुढील दहा वर्षांची शक्यता सांगणारे ‘फ्रॅक्स’ हे गणित जरूर करून घ्यावे. परंतु मूळ फ्रॅक्समध्ये आधी फ्रॅक्चर झाले होते की नाही एवढेच नोंदवले जाते, ते किती अलीकडचे आहे हे नाही, त्यामुळे उत्तर वास्तवापेक्षा कमी येऊ शकते.

प्रतिसाद २

माझ्या अनुभवावरून एक गोष्ट आवर्जून सांगते: तुमची उंची मोजून घ्या. माझी उंची तरुणपणीपेक्षा ४ सेंटिमीटरहून अधिक कमी झाली होती आणि ते वयामुळे होते, असे मी धरून चालले होते. पाठीच्या कण्याच्या, कुशीच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन मणके दबलेले आढळले. मणक्यांची बरीच फ्रॅक्चर अशीच, विशेष वेदना न होता, लक्षात न येता राहतात. ती दिसल्यावर माझ्या उपचारांची दिशाच बदलली.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. माझ्या कमरेच्या मणक्यांत झीज आहे. त्याने अहवालावर परिणाम होतो का? आणि रक्ताच्या तपासण्यांनी काही कळते का?

प्रतिसाद १

निश्चितच परिणाम होतो. झिजलेल्या मणक्यांभोवती वाढलेले हाड डेक्साच्या मोजणीत धरले जाते आणि घनता आहे त्याहून अधिक दिसते. म्हणजे तुमचा उणे १.९ प्रत्यक्षात आणखी खाली असू शकतो. अशा वेळी बिघडलेले मणके वगळून अहवाल पुन्हा वाचायला सांगावे, आणि न मोडलेल्या हाताच्या मनगटाजवळचे मोजमापही घ्यावे.

रक्तात कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड, थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे कार्य पाहतात, कारण हाड कमकुवत होण्यामागे दुसरा आजार दडलेला असू शकतो. सीटीएक्स आणि पी१एनपी या चाचण्या हाडाच्या झिजेचा आणि घडणीचा वेग दाखवतात. सीटीएक्ससाठी रक्त सकाळी उपाशीपोटी द्यावे लागते. मात्र फ्रॅक्चर भरून येत असताना हे आकडे कित्येक महिने वाढलेले राहतात, म्हणून सध्या त्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नये. पुढची डेक्सा शक्यतो त्याच यंत्रावर करावी, कारण दोन यंत्रांच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.