खुसरो: सूफी की सुलतानांचा भाट?

देवगिरीकर: कव्वालीच्या मैफिलीत अमीर खुसरोचं नाव निघालं की लगेच 'थोर सूफी संत'. मला हे पचत नाही. दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन खिलजी याच्या विजयांवर त्याने 'मिफ्ताह-उल-फुतूह' लिहिलं. 1296 मध्ये अलाउद्दीनने देवगिरी लुटून आणली आणि त्याच जलालुद्दीनचा, म्हणजे सख्ख्या चुलत्याचा आणि सासऱ्याचा, खून करून गादी बळकावली. मग खुसरोने 'खजाइन-उल-फुतूह'मध्ये अलाउद्दीनचे विजय गायले. धनी बदलला, लेखणी तीच. भाट म्हणा की सरळ!

सरसोंपिवळा: अहो, त्या काळी कवीचं पोट दरबाराशिवाय भरायचं कुठे? त्याचे गुरू, सूफी संत निजामुद्दीन औलिया यांनी सुलतानांचे उंबरे झिजवले नाहीत, पण या दरबारी माणसाला जवळ केलंच ना? 1325 मध्ये औलिया गेले तेव्हा खुसरो तुघलकाच्या बंगाल मोहिमेत होता. परतला आणि सहाएक महिन्यांत स्वतःही गेला. आज दिल्लीच्या दर्ग्यात आधी खुसरोच्या कबरीवर फुलं वाहतात, मग औलियांच्या.

देवगिरीकर: फुलं नंतरच्यांनी वाहिली. 1318 चं 'नुह सिपिहर' बघा. कुणासाठी? अलाउद्दीनचा मुलगा सुलतान मुबारकशाह याच्यासाठी, जो औलियांना पाण्यात पाहायचा. त्यातच देवगिरीवरच्या स्वारीचं कौतुक. देवगिरीचा यादव राजा हरपालदेव त्याच स्वारीत मारला गेला, यादवांचं नाव पुसलं गेलं. गुरूच्या वैऱ्याची आरती आणि आपल्या पराभवाचा सोहळा, दोन्ही एकाच काव्यात!

बोरूबहाद्दर: त्याच काव्यातलं तिसरं 'आकाश' वाचलंत का? (नुह सिपिहर म्हणजे नऊ आकाशं.) हिंदुस्थान माझी जन्मभूमी, म्हणून तो इथली हवा, पक्षी, अंकविद्या, बुद्धिबळ, पंचतंत्र सगळ्याचे गोडवे गातो. ब्राह्मणांच्या विद्वत्तेलाही दाद देतो. इथल्या भाषाही मोजतो: सिंधी, काश्मिरी, तेलंगी, बंगाली, अवधी... मराठी मात्र गायब. ज्ञानेश्वरी होऊन 28 वर्षं झाली होती! देवगिरीकर, चिडायचंच तर यावर चिडा.

सरसोंपिवळा: 😄 यावर मीही चिडतो.

नुसताश्रोता: एक शंका. आपण डोलतो ती त्याची हिंदवी (म्हणजे जुन्या हिंदीतली) पदं, कोडी. त्यातलं बरंचसं जुन्या हस्तलिखितांत सापडतच नाही. सतार-तबल्याचं श्रेयही असंच मागाहून चिकटलेलं. पक्की त्याची ती फारसी, आणि ती आपल्यापैकी वाचतो कोण? मग आपण भांडतोय त्या खुसरोबद्दल की कव्वालांच्या?

देवगिरीकर: तिसरं आकाश मान्य, तिथे माणूस मनापासून बोलतोय. 'भाट' मात्र मागे घेत नाही.