टिशियनच्या अ‍ॅरिअ‍ॅडनीचा हात नेमका कुणाकडे?

प्रश्न: इटालियन चित्रकार टिशियनचं 'बॅकस आणि अ‍ॅरिअ‍ॅडनी' (१५२०-२३) कालपासून झूम करकरून बघतेय. मद्याचा देव बॅकस रथातून उडी मारतोय, राजकन्या अ‍ॅरिअ‍ॅडनीची मान त्याच्याकडे वळलीय, पण हात समुद्राकडे, असं का?

उत्तर १: डावीकडे क्षितिजावर इवलंसं जहाज आहे बघा, तिचा प्रियकर थिसिअस तिला नॅक्सॉस बेटावर झोपेत सोडून चाललाय, हात त्याच्यासाठी उठलेला आणि तेवढ्यात मागून बॅकसच्या ताफ्याच्या झांजांचा गोंगाट ऐकून ती वळली, म्हणजे जुनं दुःख नि नवं प्रेम एकाच शरीरात, मला तर हे फार भिडतं.

उत्तर २: वर आकाशात आठ तारे दिसले का? तिचाच मुकुट तो, बॅकस पुढे आकाशात भिरकावतो. पुढची गोष्ट आधीच रंगवलीय.

प्रश्नकर्ती: अय्या हो, तारे आत्ता दिसले! आणि रथाचे ते दोन चित्ते, एवढ्या गोंधळात एकमेकांकडे शांत बघत उभेत.